पाठवणाऱ्या मंडळीने काय द्यायचं?

मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, एक वाद वरचेवर डोकं वर काढतो. मंडळीतलं एखादं तरुण जोडपं किंवा एखादी नर्स परदेशात मिशनकार्याला जायची इच्छा बोलून दाखवते आणि वार्षिक सभेत दोन फळ्या पडतात. एक फळी म्हणते, आपल्याच खेड्यांतल्या उपासनामंदिरांची छपरं गळताहेत, कित्येक ठिकाणी पाळक नाही, आपली मुलं नोकरीविना बसली आहेत. परदेशाच्या गोष्टी कशाला? दुसरी फळी मत्तयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातली 'सर्व राष्ट्रांतील लोकांस शिष्य करा' ही आज्ञा वाचते आणि आज्ञा वाचून झाली की वाद मिटला असं धरून चालते. ही बातमी मंडळीबाहेर गेली की शेजारीपाजारी तिसरा सूर लावतात. मिशनरी म्हणजे इंग्रजांच्या काळातलं खूळ, ते आता तुम्ही दुसऱ्यांच्या माथी मारायला निघालात का, असा तो सूर. तिन्ही बाजूंचं बोलणं जाणाऱ्याभोवती फिरतं. पाठवणारी मंडळी काय देणार, काय सोसणार, कशाची हमी घेणार, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

माझं मत आधीच सांगतो. मुंबईतल्या मंडळ्यांनी परदेशात माणसं पाठवावीत. पण थोडी पाठवावीत, पूर्ण तयारीनिशी आणि दीर्घ काळासाठी पाठवावीत, स्वतःच्या पैशाने पाठवावीत, आणि तिथल्या मंडळीच्या हाताखाली काम करायला पाठवावीत. हे ज्या मंडळीला झेपत नाही तिने तूर्त कुणालाही पाठवू नये. तिने प्रार्थना करावी आणि पैसे साठवावेत.

सर्वांत जोरदार आक्षेप शेजाऱ्यांचा आहे, म्हणून तोच आधी घेतो. मिशनऱ्यामागोमाग तोफ येते, हे म्हणणं हवेतलं नाही. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाचे खटले चालवणारं धर्मन्यायालय, बसलं आणि मधला थोडा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत टिकलं. वसई आणि साष्टीवर पोर्तुगीजांचा अंमल होता तेव्हा राजाची सत्ता आणि पाद्र्यांचा धर्म यांच्यात सामान्य रयतेला फरक दिसत नसे. हे दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आम्ही ख्रिस्ती लोकांनी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. या युतीने रयतेचं नुकसान केलंच, पण तिने मिशनकार्याचाही जीव घेतला. त्याचं उदाहरण मुंबईपासून लोकलच्या अंतरावर आहे.

गोन्सालो गार्सिया १५५६च्या सुमारास वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. तो जेझुइट या कॅथॉलिक संघाच्या पाद्र्यांबरोबर जपानला गेला, तिथे वाढला, जपानी शिकला. पुढे त्याने व्यापार केला, मनिलात तो फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथॉलिक संघात बंधू झाला आणि १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेला. या फ्रान्सिस्कनांनी क्योतोत कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. १५९६ साली 'सान फेलिपे' नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं. जहाजाच्या सुकाणूवाल्याने नकाशावर स्पेनच्या राजाची राज्यं दाखवत, आमच्याकडे आधी पाद्री जातात आणि मग फौज जाते, अशी बढाई मारली असं सांगतात. त्याचे नेमके शब्द काय होते यावर इतिहासकारांचं एकमत नाही, पण जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याचा संशय बळावला हे खरं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर चढवून मारलं. वसईचा गोन्सालो त्यांत होता. १८६२ साली रोमने त्याला संत म्हणून जाहीर केलं, आणि वसईकर त्याचं नाव आजही अभिमानाने घेतात. मी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलो, पण तो अभिमान माझाही आहे. मात्र त्याची कथा वाचताना मला नेहमी एक गोष्ट सलते. त्याची भाषा, त्याची मैत्री, कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणारे त्याच्या सोबत्यांचे हात, हे सगळं त्या साम्राज्याच्या सावलीपुढे कामी आलं नाही. मागे साम्राज्य असेल तर साधू माणसाचं साधुत्वही संशयास्पद ठरतं.

आता दुसरं उदाहरण घ्या. जुझे वाझ १६५१ साली गोव्यात बाणावलीला जन्मला. सिलोन तोवर पोर्तुगीजांच्या हातून डचांकडे गेलं होतं, आणि डच कॅल्व्हिनपंथी, म्हणजे प्रॉटेस्टंट, असल्याने तिथल्या कॅथॉलिकांना एकही धर्मगुरू उरला नव्हता. १६८७ साली वाझ भिकाऱ्याच्या वेषात जाफन्यात उतरला. त्याच्यामागे राजा नव्हता आणि जहाजही नव्हतं. उलट समोर उभी असलेली सत्ता ख्रिस्तीच होती, आणि तीच त्याला पकडायला टपली होती. त्याला आसरा मिळाला तो कँडीच्या बौद्ध राजाकडे, आणि तोही आधी पोर्तुगीजांचा हेर समजून तुरुंगात टाकल्यावर. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली, भली भली माणसं शहर सोडून पळाली, तेव्हा वाझ रोग्यांपाशी राहिला. सिंहली आणि तमिळ या दोन्ही भाषा त्याने आपल्याशा केल्या. १७११ साली तो कँडीतच वारला. गोव्याला परतला नाही. २०१५ साली कोलंबोत त्याला संतपद दिलं गेलं. 'मिशन म्हणजे साम्राज्य' हे समीकरण वाझच्या आयुष्याला कसं लावायचं? समुद्र ओलांडण्यात गुन्हा नाही. कुणाच्या बळावर ओलांडला, हे तपासायचं.

मुंबईतल्या मराठी मंडळीपाशी असं कुठलं बळ आहे? २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्काही नाहीत, आणि त्यांतले मराठी मातृभाषेचे आणखी थोडे. तोफा नाहीत, वकिलातीत वजन नाही. मी तर म्हणेन, मिशनकार्याला जेवढा दुबळेपणा लागतो तेवढा आज आपल्याकडे आहे. ही आपली पात्रता आहे. तिला न्यूनगंड मानू नये.

शेजाऱ्यांना आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. आपला विचार दुसऱ्या देशात नेणं ही काही ख्रिस्ती लोकांचीच खोड नाही. नालासोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत, आणि अशोकाच्या काळी अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धम्म सांगायला योन, म्हणजे ग्रीक, धम्मरक्खित आल्याचं महावंस या पाली ग्रंथात लिहिलं आहे. म्हणजे या किनाऱ्यावर पहिला 'परदेशी मिशनरी' आला तो बौद्ध भिक्खू होता. १९६५ साली भक्तिवेदांत प्रभुपाद एकोणसत्तराव्या वर्षी मालवाहू जहाजाने अमेरिकेला गेले, ते मुंबईच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनच्या प्रमुख सुमती मोरारजी यांनी दिलेल्या मोफत तिकिटावर. त्या म्हाताऱ्या माणसाचं धाडस मला थोर वाटतं. न्यूयॉर्कच्या तरुणाने त्यांचं ऐकून गळ्यात तुळशीमाळ घातली, तर ते त्याचं स्वातंत्र्य होतं. मग नैरोबीच्या किंवा नॉम पेन्हच्या माणसाने एका मराठी बाईचं ऐकून बाप्तिस्मा घेतला, तर ते त्याचं स्वातंत्र्य का असू नये?

अट एकच, आणि ती आम्हालाही लागू आहे. ऐकणाऱ्याला 'नाही' म्हणायची पूर्ण मोकळीक हवी. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात निकाल दिला की घटनेच्या २५व्या कलमातल्या प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. त्या निकालावर ख्रिस्ती विचारवंतांनी टीका केली आहे, आणि ती वाचण्याजोगी आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी आमच्या श्रद्धेनुसारसुद्धा माणसाचं मन वळवणं आमच्या हातात नाहीच. औषधाच्या बदल्यात प्रार्थना, शाळाप्रवेशाच्या बदल्यात रविवारची हजेरी, असा व्यवहार जिथे होतो तिथे शेजाऱ्यांचा राग रास्त आहे. मी तो त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात व्यक्त करीन.

आता घरच्या फळीकडे वळतो. 'आधी घरचं बघा' म्हणणाऱ्यांची तळमळ मला मनापासून समजते, कारण ती माणसं गळकी छपरं स्वतः पाहून आलेली असतात. नगर, जालना भागातल्या जुन्या मिशनच्या गावांत आज एकेक पाळक कितीतरी गावं सांभाळतो. तिथून शिकायला मुंबईत आलेल्या मुलाला वसतिगृह मिळत नाही. हे सगळं खरं आहे.

पण हाच युक्तिवाद आपल्याबाबतीत कुणी मान्य केला असता तर? १८१२ साली अमेरिकन बोर्ड या परदेशी मिशनकार्याच्या संस्थेला सनद द्यायचा ठराव मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात आला. एका सदस्याने विरोध केला, की आपल्याकडेच धर्म पुरेसा शिल्लक नाही, तो परदेशात कसला पाठवता? दुसऱ्याने उत्तर दिलं, की हा माल असा आहे की जितका बाहेर पाठवावा तितका घरात अधिक उरतो. उत्तर चतुर आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही, कारण त्यात किंमत लपवली आहे. त्याच वर्षी निघालेल्या पहिल्या तुकडीतली हॅरिएट न्यूएल एकोणिसाव्या वर्षी मॉरिशसमध्ये वारली. तिचा नवरा सॅम्युएल १८२१ साली मुंबईत पटकीने गेला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत धाडायचा हुकूम काढला होता. अर्ज-विनंत्या करत, लपतछपत कोचीनपर्यंत जाऊन परत आणले जात, ते कसेबसे टिकले. हॉल १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारला. त्याने वयाची बेचाळिशीही पाहिली नाही. मागे अमेरिकेत गुलामगिरी चालू होती, म्हणजे घरचं काम संपलेलं मुळीच नव्हतं. तरी ते आले. १८२४ साली त्यांच्या मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली, १८४२ साली नगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागलं, आणि पुढे त्याच परंपरेत १८९५ साली मुंबईत कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला. घरातल्या अडचणी संपेपर्यंत थांबायचं ठरवणाऱ्या मंडळीच्या पोटी आपण जन्मलो नाही.

शास्त्राचा दाखला हवा असेल तर आज्ञेपेक्षा नव्या करारातल्या अंत्युखियाच्या मंडळीचं वागणं पाहावं. प्रेषितांच्या कृत्यांत अकराव्या अध्यायात हीच मंडळी यहूदियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी वर्गणी गोळा करते. तेराव्या अध्यायात ती आपल्या पाच संदेष्ट्या-शिक्षकांपैकी दोघांवर, बर्णबा आणि शौल (म्हणजेच पुढचा पौल) यांच्यावर, उपास व प्रार्थना करून हात ठेवते आणि त्यांना पाठवून देते. जवळच्यांसाठी पैसा आणि दूरच्यांसाठी माणसं, ही दोन्ही कामं एकच मंडळी करत होती. आणि पाठवली कोण? बर्णबा आणि शौल हे तिथले सर्वांत उपयोगाचे लोक होते. आपल्याकडे मात्र परदेशी जायची गोष्ट निघाली की ज्याच्यावाचून तरुण संघाचं अडत नाही त्याचं नाव पुढे येतं.

मात्र उत्साही फळीशी माझं भांडण जास्त आहे, कारण ती माझी माणसं आहेत. त्यांच्यात अलीकडे दहा-पंधरा दिवसांच्या 'मिशन ट्रिप'ची लाट आली आहे. पर्यटक व्हिसावर जायचं, गाणी म्हणायची, मुलांना खाऊ वाटायचा, साक्ष द्यायची, फोटो काढायचे आणि परत येऊन पडद्यावर दाखवायचे. अशा सहलींतून काहींना खरं पाचारण होतं हे मी मान्य करतो; तसे लोक माझ्या ओळखीत आहेत. पण हिशेब फक्त जाणाऱ्याच्या अनुभवाचा मांडायचा का? ज्यांच्या दारात आपण गेलो त्यांना मागे काय भोगावं लागलं, याचा हिशेब कुठे आहे?

जुलै २००७मध्ये दक्षिण कोरियातल्या एका मंडळीचे तेवीस लोक अफगाणिस्तानात काबूल-कंदाहार रस्त्यावर तालिबानच्या हाती लागले. दोघांना ठार मारलं. बाकीच्यांच्या सुटकेसाठी कोरियन सरकारला वाटाघाटी कराव्या लागल्या आणि त्या देशातलं कोरियन मिशनकार्य बंद करण्याचं कबूल करावं लागलं. त्या माणसांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. पण तिथे वर्षानुवर्षं शांतपणे काम करणाऱ्या इतर कोरियनांचं कामही त्या एका सहलीने संपलं. नोव्हेंबर २०१८मध्ये जॉन ॲलन चाऊ हा तरुण अमेरिकन कायदा मोडून अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनेल बेटावर गेला आणि मारला गेला. त्याला पोचवणाऱ्या मच्छीमारांना अटक झाली. आपल्या साध्या सर्दीतापानेही जी जमात नष्ट होऊ शकते तिच्यात तो शिरला होता. त्याला हुतात्मा म्हणणारे लेख मी वाचले आणि मला दुःख झालं. ज्या माणसांवर प्रेम करायचं म्हणतो त्यांच्या जिवाची काळजी त्या प्रेमात बसत नाही का?

आपल्याला जवळचं उदाहरण नेपाळचं आहे. भारतीयांना व्हिसा लागत नाही, रेल्वेने गोरखपूर गाठलं की सीमा जवळ, म्हणून अनेक गट तिकडे वळतात. नेपाळच्या २०१५च्या घटनेने दुसऱ्याचं धर्मांतर करण्यावर बंदी घातली आहे, आणि २०१८पासून लागू झालेल्या दंडसंहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. हा कायदा मला अन्यायाचा वाटतो. पण त्याचा फटका कुणाला बसतो? मुंबईकर पाहुण्याला फार तर देशाबाहेर काढतील. तो दादर स्टेशनवर उतरेल आणि पुढच्या रविवारी टाळ्या घेईल. ज्या नेपाळी पाळकाने त्याला घरी उतरवून घेतलं, तो पोलिसचौकीत बसेल. म्हणून माझा आग्रह आहे, की कुठल्या गावात जायचं, काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे तिथल्या मंडळीचा असावा. तिने 'येऊ नका' म्हटलं तर जाऊ नये. जिथे मंडळीच नाही तिथे काय, असं कुणी विचारेल. तिथे त्या लोकांच्या भाषेला आणि चालीरीतींना सर्वांत जवळच्या मंडळीला विचारावं. मुंबईत बसून नकाशावर बोट ठेवू नये.

दहा दिवस जायचंच असेल तर शिकायला जा. पाहुणे म्हणून जा, ऐका, परत या. त्याला मिशन म्हणू नका, म्हणजे मुलांना खाऊ वाटायचा मोहही होणार नाही.

तयारीचं म्हणाल तर मराठी माणसाला ती दुसऱ्या कुणी शिकवायला नको. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, आणि त्याचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापून निघालं १६१६ साली. मधली सदतीस वर्षं तो या मातीतल्या लोकांत राहिला, त्यांची पुराणं त्याने ऐकली, त्यांच्या छंदात लिहायला शिकला. विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याने बंगालमधल्या श्रीरामपुरातून मराठीचं व्याकरण काढलं १८०५ साली, आणि त्यासाठी तो वैजनाथ पंडितांपाशी विद्यार्थी होऊन बसला. ही माणसं आपल्याला जवळची वाटतात ती त्यांनी आपली भाषा मानाने शिकली म्हणून. मग आपण पाठवलेला माणूस खमेर किंवा स्वाहिली शिकायला किती वर्षं देणार आहे? निदान पहिली दोन-तीन वर्षं तो काहीच 'काम' करणार नाही, नुसती भाषा शिकेल, आणि त्याच्या पत्रांत सांगण्यासारखं काही नसेल. ती पत्रं वाचूनही त्याला पैसे पाठवत राहायची आपली तयारी आहे का?

शिवाय ही तयारी विमानतळाच्या अलीकडे सुरू व्हायला हवी. पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या संस्थेत ईश्वरविज्ञान शिकता येतं, मिरजेसारख्या मिशन हॉस्पिटलांच्या परंपरेत शुश्रूषा शिकता येते. पण परक्या माणसाशेजारी राहायला शिकवणारी शाळा म्हणजे मुंबईच. धारावीत तमिळ, गोवंडीत आणि मुंब्र्यात उर्दू, सोसायटीच्या फाटकावर नेपाळी, बांधकामावर ओडिया आणि बंगाली. ज्याने आयुष्यात कधी मुसलमान शेजाऱ्याच्या घरी ईदला शिरखुर्मा खाल्ला नाही, वॉचमनचं गाव कुठलं हे विचारलं नाही, त्याला परदेशात पाठवायची घाई कशासाठी? माझं तर म्हणणं, की पाठवायच्या आधी माणसाने दोन वर्षं मुंबईतल्याच दुसऱ्या भाषेच्या वस्तीत राहावं, तिथली भाषा शिकावी, तिथल्या लोकांकडून मदत घ्यावी. मदत देणं सगळ्यांना जमतं. घेणं ज्याला जमलं तोच पुढे टिकतो.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आपल्या मंडळ्यांना जुनी सवय लागली आहे, की मिशन म्हटलं की बाहेरून निधी येणार. त्या सवयीविरुद्ध आपल्याच लोकांनी बंड केलेलं आहे. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला. त्याआधी जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने १८४८ साली मुंबईत आल्यानंतर लवकरच बोर्डाचा पगार नाकारला आणि गरिबांच्या वस्तीत, त्यांच्यासारखा, सुमारे चाळीस वर्षं तो मुंबईत राहिला. १८८८ साली तो इथेच वारला. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन बायकांनी १९१०च्या सुमारास सुरू केलेली रीत आजही चालू आहे: प्रत्येक वेळी भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा आणि तो विकून आलेले पैसे मंडळीच्या कामाला द्यायचे. त्या मुठीवर त्यांची माणसं दूरच्या प्रांतांत काम करत आली आहेत. मिझो बाईपेक्षा परळची किंवा ठाण्याची नोकरदार बाई गरीब आहे का? परदेशी पैशावर पाठवलेला माणूस दुसऱ्याचा नोकर असतो, आणि तिथले लोक ते लगेच ओळखतात. आपल्या मुठीतून गेलेल्या माणसामागे अख्खी मंडळी असते.

यात कायद्याच्या अडचणी आहेत आणि त्या पाळल्याच पाहिजेत. धर्मादाय न्यासाचं उत्पन्न भारताबाहेर खर्च करायचं तर करसवलतीसाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मान्यता लागते. खजिनदाराने परस्पर पैसे फिरवायची गोष्ट बोलूच नये. व्हिसाबाबतही तेच. ज्या देशात धार्मिक कामाचा व्हिसा मिळत नाही तिथे नोकरीवर जावं. पौलाने करिंथात तंबू शिवून पोट भरलं. पण मग तंबू नीट शिवावेत. शिक्षिका म्हणून गेलेल्या बाईने वर्गात मन लावून शिकवावं. शाळा हा नुसता बहाणा असेल तर ती त्या देशाला आणि देवाला, दोघांनाही फसवते.

आणि स्वतःचा पैसा असला तरी त्याचा माज येऊ शकतो. व्ही. एस. अझरिया हे तमिळ ख्रिस्ती पुढारी १९०२ साली जाफन्याला गेले, तेव्हा तिथल्या तमिळ ख्रिस्ती लोकांनी भारतात माणसं पाठवल्याचं त्यांना दिसलं आणि तिरुनेलवेलीच्या मोठ्या मंडळीने कुणालाच पाठवलं नाही याची त्यांना लाज वाटली. १९०३ साली तिथे इंडियन मिशनरी सोसायटी उभी राहिली आणि तिने आपली माणसं निजामाच्या राज्यातल्या तेलुगू मुलखात, दोर्नकलला पाठवली. हेच अझरिया १९१० साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत उभे राहिले आणि गोऱ्या मिशनऱ्यांना म्हणाले, की तुम्ही आपलं धन दिलंत, आपली शरीरं दिलीत, आम्ही प्रेमही मागतो. आम्हाला मित्र द्या. सभागृहातल्या अनेकांना ते झोंबलं. आज ते वाक्य आपल्याला उद्देशून म्हणायची वेळ आली आहे. नेपाळच्या डोंगरात किंवा आफ्रिकेतल्या एखाद्या गावात स्मार्टफोन आणि इंग्रजी घेऊन उतरलेला मुंबईकर तिथल्या लोकांना साहेबच वाटतो. त्याने जेवणाच्या पंगतीत कुठे बसायचं, चुकलं तर त्याला कोण बोलणार, त्याचा अहवाल तिथला पाळक वाचणार की फक्त मुंबईची कमिटी, हे निघण्याआधी कागदावर यायला हवं.

सगळ्यांत दुर्लक्षित भाग परतीचा. अंत्युखियाला परतल्यावर पौल आणि बर्णबा यांनी मंडळी जमवून सगळं सांगितलं, आणि ते तिथे शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले, असं कृत्यांत लिहिलं आहे. त्याच प्रवासातून अर्ध्यावर परतलेल्या योहान मार्कावरून त्या दोघांत इतकं बिनसलं की ते वेगळे झाले. पण शेवटी तोच पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. आपल्याकडे कुणी दोन वर्षांत थकून परत आला तर त्याच्याशी कोण बोलतं? आजारी पडून आलेल्या बाईच्या उपचाराचा खर्च कुणी द्यायचा? पंधरा वर्षं परदेशात राहून आलेल्या कुटुंबाची मुलं इथल्या शाळेत मराठी वाचू शकणार नाहीत, आईबापांचा भविष्यनिर्वाह निधी नसेल, आणि मुंबईत वन-रूम किचनचं भाडंही त्यांना परवडणार नाही. या खर्चाचा अंदाज जाणाऱ्याच्या तिकिटाबरोबरच काढला पाहिजे. ज्या दिवशी हात ठेवून प्रार्थना होईल त्याच दिवशी त्यांच्या नावाने आवर्ती ठेव उघडावी, आरोग्यविमा काढावा, आणि परतल्यावर निदान तीन वर्षं त्यांच्या राहण्याची सोय कोण करणार त्याचं नाव कमिटीच्या इतिवृत्तात लिहावं. नाव लिहायला कुणी पुढे आलं नाही तर तिकीट काढू नये.